दिवस जायच्या आधीची गोळी: बाळाच्या मेंदूतले आणि कण्यातले जन्मदोष टाळण्यासाठी काय करायचे, कोणत्या क्रमाने

"सिस्टर, आता गोळी सुरू करते. नववा आठवडा लागलाय."

गरोदर मातांच्या नोंदणीच्या टेबलावर बसून हे वाक्य मी किती वेळा ऐकले याची गणती नाही. ही मुलगी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली, शाळेत शिकवणारी. स्कूटरच्या डिकीतून प्लास्टिकची पिशवी काढून तिने माझ्यासमोर ठेवली. आत फॉलिक ॲसिडची पाकिटे होती आणि एकही गोळी फोडलेली नव्हती. लग्न ठरल्यावर ती एका दवाखान्यात विचारायला गेली होती. "दिवस गेले की या, तेव्हा सुरू करू," असे सांगून तिला परत पाठवले होते. तिने ते पाळले. त्या गोळीचे ज्या दोषासाठी सर्वांत मोठे काम असते, त्याची वेळ दोन आठवड्यांपूर्वीच उलटून गेली होती.

तिचे बाळ सुदैवाने ठीक जन्मले. पण हीच चूक घरोघर होते म्हणून हा लेख. काय करायचे हे बहुतेक बायकांना माहीत असते. चुकते ती वेळ, मग मात्रा, आणि त्यानंतर तपासण्यांचा आठवडा. तेव्हा क्रमाने जाऊ.

## आधी एवढे समजून घ्या

गर्भात मेंदू आणि मज्जारज्जू तयार होतात ते एका सपाट पट्टीपासून. पट्टीच्या दोन्ही कडा वर उचलल्या जातात, एकमेकींकडे वळतात आणि जुळून नळी होते. हिलाच न्यूरल ट्यूब म्हणतात. चवथीला आपण नेवरी, म्हणजे करंजी, करतो तेव्हा पारी दुमडून कड मुरडत जातो, तसेच काहीसे. एखाद्या ठिकाणी कड नीट चिकटली नाही, तर तळताना नेवरी तिथेच उघडते.

नळी डोक्याकडे उघडी राहिली तर कवटी आणि मेंदूचा मोठा भाग तयारच होत नाही. हा ॲनेन्सेफली नावाचा दोष. असे बाळ जगत नाही. पाठीकडे उघडी राहिली तर स्पायना बिफिडा. मज्जारज्जू उघड्यावर येतो, पायांत ताकद कमी राहते किंवा अजिबात राहत नाही, लघवी-संडासवर ताबा राहत नाही, आणि पुष्कळ मुलांच्या डोक्यात पाणी साठते. कवटीतल्या फटीतून मेंदूचा भाग पिशवीसारखा बाहेर येतो त्याला एन्सेफॅलोसील म्हणतात.

ही नळी गर्भ राहिल्यापासून सुमारे २८ दिवसांत पूर्ण बंद होते. शेवटच्या पाळीपासून मोजले तर सहावा आठवडा संपेपर्यंत. नंतर कितीही गोळ्या घेतल्या तरी उघडी राहिलेली जागा जुळत नाही.

## पायरी १: कॅलेंडर घेऊन बसा

भिंतीवरचे कॅलेंडर काढा आणि पेन घ्या. समजा, पाळी १ ऑगस्टला आली आणि चक्र २८ दिवसांचे आहे. गर्भ राहतो साधारण १४-१५ ऑगस्टला. पुढची पाळी २९ ऑगस्टला यायला हवी. त्या वर्षी चवथ नेमकी त्याच सुमारास आली असे धरा. घरात माटोळी बांधायची, पाहुणे, पाच दिवसांचा गणपती. पाळी दोन-चार दिवस पुढे गेली तर दगदगीमुळे गेली असेल असेच मनात येते. विसर्जन होते, आवराआवर होते, मग कधीतरी फार्मसीतून किट आणून तपासणी होते आणि डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यात मिळते. नळी बंद झाली १२ सप्टेंबरला.

म्हणजे पाळी चुकल्याचे कळण्यापासून नळी बंद होण्यापर्यंत हातात उरतात जेमतेम दोन आठवडे. शिवाय गोळी आज घेतली की उद्या शरीरात साठा भरला, असे होत नाही. म्हणून नियम असा: गर्भ राहण्याच्या किमान एक महिना आधी गोळी सुरू झालेली हवी, दोन-तीन महिने आधी झाली तर उत्तम. आणि ती बारावा आठवडा पूर्ण होईपर्यंत चालू राहायला हवी.

आमच्याकडे तुळशीचे लग्न झाले की मुहूर्त सुरू होतात. डिसेंबरात लग्न असेल आणि लगेच मूल हवे असेल, तर गोळी सप्टेंबर-ऑक्टोबरपासून. साडीचे ब्लाऊज शिवायला टाकतो त्याच दिवशी ही खरेदी करून टाका, असे मी मुलींना सांगते. मूल इतक्यात नको असेल तर खात्रीचे गर्भनिरोधक वापरा. ते वापरत नसाल आणि "बघू, होईल तेव्हा होईल" असे चालले असेल, तर तुमच्यासाठी गोळीचा दिवस आजचा.

तपासा: पाळी अनियमित असेल, पीसीओडी असेल, तर वरचा हिशेब तुम्हाला लागू पडत नाही. तुम्हाला पाळी चुकल्याचे उशिराच कळते. अशा वेळी तारखांचा विचार सोडा आणि गोळी रोज चालू ठेवा.

## पायरी २: तुम्ही कोणत्या गटात आहात ते ठरवा

ही पायरी गाळून थेट फार्मसीत जाणाऱ्या पुष्कळ. पण मात्रा इथेच ठरते.

ज्यांना काहीच विशेष धोका नाही त्यांच्यासाठी रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड पुरे. खालीलपैकी एकही गोष्ट लागू असेल तर स्वतः ठरवू नका, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन विचारा, कारण त्यांना मात्रा बहुधा दहापटीच्या घरात लागते.

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची: आधीच्या बाळाला असा दोष होता, किंवा त्या कारणाने गर्भपात करावा लागला होता. ही गोष्ट नव्या डॉक्टरांना सांगायची राहून जाते. सासरच्या माणसांसमोर बोलायला नको वाटते, हे मी समजू शकते. मग डॉक्टरांना एकटीशी बोलायचे आहे असे सांगा, पण सांगाच. अशा स्त्रीला पुन्हा तसे बाळ होण्याची शक्यता १०० मध्ये सुमारे २ ते ३ असते. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड घेणाऱ्यांमध्ये हा धोका ७२ टक्क्यांनी कमी झालेला दिसला.

नवऱ्याला स्वतःला किंवा त्याच्या घरात असा दोष असेल तर तोही धोक्यात धरतात. त्यामुळे विचारपूस दोन्ही घरांत करा. जुन्या माणसांना "स्पायना बिफिडा" शब्द माहीत नसतो. "पाठीवर गाठ घेऊन जन्मलेले", "डोके मोठे होत गेलेले", "कवटी नसलेले" मूल घरात होऊन गेले का, असे विचारा.

मग येतात आजार आणि औषधे. आधीपासून असलेला मधुमेह. फिट्सची काही औषधे, त्यांत सोडियम व्हॅल्प्रोएट सर्वांत जास्त धोक्याचे, कार्बामॅझेपिनही. व्हॅल्प्रोएट मायग्रेनसाठी आणि मानसिक आजारासाठीही देतात, त्यामुळे "मला फिट्स नाहीत" म्हणून यादी पुढे ढकलू नका. सांधेदुखीसाठी किंवा सोरायसिससाठी दिलेले मेथोट्रेक्सेट. सिकल सेल, थॅलेसेमिया. आतड्यात अन्नातला कस नीट शोषला जात नाही असे आजार, वजन कमी करण्यासाठी झालेली पोटाची शस्त्रक्रिया. आणि लठ्ठपणा: वजन किलोमध्ये घ्या, त्याला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागा, उत्तर ३० किंवा त्याहून जास्त आले तर डॉक्टरांशी मात्रेबद्दल बोला.

सावधान: फिट्सचे औषध स्वतःहून बंद करू नका. एका दिवसात बंद केलेल्या औषधाने मोठी फिट येऊन आई आणि बाळ दोघांचाही जीव धोक्यात येतो. औषध बदलायला काही महिने लागू शकतात. म्हणूनच न्यूरॉलॉजिस्टची भेट दिवस जायच्या आधी हवी. मेथोट्रेक्सेटच्या बाबतीतही किती आधी थांबवायचे ते डॉक्टर ठरवतील, तोपर्यंत गर्भनिरोधक चालू हवे.

आणखी एक: घरात कोणालाच असा दोष नाही म्हणून निश्चिंत राहू नका. असे दोष असलेली बहुतेक बाळे ज्यांच्या घरात पूर्वी कधीच असे झालेले नाही अशाच घरांत जन्मतात.

## पायरी ३: गोळीआधीच्या तपासण्या

तीन गोष्टी पाहून घ्या: हिमोग्लोबिन, साखर आणि बी१२.

मधुमेह असेल तर तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, शक्यतो ६.५ च्या खाली आणून मगच गर्भाचा विचार करावा, आणि तेही साखर धोकादायकरीत्या खाली न जाता. पहिल्या आठवड्यांतली चढलेली साखर नळी जुळण्याच्या आड येते. पाचव्या महिन्यात साखर काबूत आणून हे नुकसान भरून निघत नाही.

बी१२ कडे फार दुर्लक्ष होते. फॉलिक ॲसिड आणि बी१२ ही शरीरात जोडीने काम करतात, आणि बी१२ ची कमतरता हा स्वतःच न्यूरल ट्यूब दोषाचा धोका वाढवणारा घटक मानला जातो. शिवाय बी१२ कमी असताना नुसते भारी मात्रेचे फॉलिक ॲसिड घेत राहिले तर रक्ताचा रिपोर्ट सुधारल्यासारखा दिसतो आणि नसांचे नुकसान आतून चालूच राहते. हातापायांना मुंग्या येणे, जीभ लाल होणे, कारण नसताना थकवा, यातले काही असेल तर तपासणी आधी.

गोव्यात आपण नुस्ते, म्हणजे मासळी, खाणारे, आपल्याला बी१२ कसे कमी पडेल, असे लोक विचारतात. नियमित नुस्ते खाणाऱ्यांना सहसा पडतही नाही. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंतची मासेमारीबंदी आणि पाठोपाठ श्रावण यांनीही फरक पडत नाही, कारण यकृतातला साठा दीर्घकाळ पुरतो. प्रश्न येतो जन्मभर शिवराक, म्हणजे शाकाहारी, खाणाऱ्या घरांत, आणि पीसीओडी किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये. हे औषध बी१२ खाली आणते. ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांनीही तपासून घ्यावे.

तपासा: सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, आयुर्वेदिक काढे-चूर्णे धरून, एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा. नावे आठवून सांगण्यात नेमके महत्त्वाचे नाव राहते. लघवीच्या जंतुसंसर्गावर देतात त्या को-ट्रायमॉक्साझोलमधला ट्रायमेथोप्रिम फोलेटच्या, म्हणजे फॉलिक ॲसिड ज्याचे गोळीतले रूप आहे त्या जीवनसत्त्वाच्या, विरुद्ध काम करतो. मूल होण्याच्या प्रयत्नात आहात हे औषध लिहून देणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला सांगा, दातांच्या डॉक्टरलासुद्धा.

## पायरी ४: पाकिटावरचा आकडा वाचा

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून इथे सावकाश.

१ मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम. ४०० मायक्रोग्रॅम म्हणजे ०.४ मिलिग्रॅम. पाकिटावर फार बारीक अक्षरांत एमसीजी किंवा एमजी छापलेले असते, आणि या दोहोंत हजारपटीचा फरक आहे. "चारशेची" आणि "चारची" हे बोलताना सारखेच वाटते, पण चारची गोळी चारशेच्या दहापट आहे.

आपल्याकडे फार्मसीत नुसते "फॉलिक ॲसिड द्या" म्हटले की बहुधा ५ मिलिग्रॅमची गोळी हातात पडते. ती ४०० मायक्रोग्रॅमच्या साडेबारापट. पाकीट उलटे करा, उजेडात धरा, "फॉलिक ॲसिड आय.पी." या शब्दांपुढचा आकडा आणि त्यापुढचे एकक मोठ्याने वाचा. चष्मा लागत असेल तर चष्मा लावून. डॉक्टरांच्या चिठ्ठीशी जुळले तरच पैसे द्या.

जास्त धोका नसलेल्या स्त्रीला डॉक्टरांनी ५ मिलिग्रॅम लिहून दिले असेल तर घाबरून गोळी टाकून देऊ नका. आपल्याकडे अनेक डॉक्टर तीच देतात. "मला पाच कशासाठी? बी१२ तपासायचे का?" एवढे विचारा. तुम्ही धोक्याच्या गटात असाल आणि हातात चारशेची गोळी असेल, तर मात्र ती पुरेशी नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

सावधान: मात्रा वाढवायची म्हणून मल्टिव्हिटॅमिनच्या गोळ्या दुप्पट-चौपट घेऊ नका. त्यांत अ जीवनसत्त्व असते, आणि ते जास्त झाले तर तेच बाळात दोष निर्माण करते. कॉडलिव्हर तेलाच्या कॅप्सूलही याच कारणाने बंद. जास्त मात्रा हवी असेल तर नुसत्या फॉलिक ॲसिडची जास्त ताकदीची गोळी घ्यायची.

हल्ली मिथाइलफोलेट नावाच्या महाग गोळ्या मिळतात. न्यूरल ट्यूब दोष कमी झाल्याचा भक्कम पुरावा साध्या फॉलिक ॲसिडचा आहे. माझा सल्ला, स्वस्त आणि सिद्ध झालेली गोळी घ्या.

आता सरकारी गोळ्यांविषयी. शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी निळी गोळी, आणि २० ते ४९ वयाच्या स्त्रियांसाठीची आठवड्याची लाल गोळी, या दोन्हींत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. त्या रक्तक्षयासाठी आहेत आणि जरूर घ्या. पण हिशेब करा: रोज ४०० म्हणजे आठवड्याला २८००. आठवड्याच्या एका गोळीतून मिळतात ५००. म्हणून लाल गोळी चालू आहे असे सांगून रोजची गोळी टाळू नका. ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमाच्या मार्गदर्शनातही गर्भधारणेआधी आणि पहिल्या तीन महिन्यांत रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी वेगळी सांगितलेली आहे. तुमच्या भागातल्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्सकडे तीच मागा. मागताना "गरोदर नाही, पण प्रयत्न करतोय" असे स्पष्ट सांगा, नाहीतर चौथ्या महिन्यानंतरच्या लोहाच्या गोळ्या हातात येतील.

पोषणवर्धित तांदळाचेही तसेच. त्यात फॉलिक ॲसिड असते, पण किलोमागे ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम. दिवसाला पाव किलो तांदळाचा भात खाल्ला तरी ३२ च्या वर जात नाही.

## पायरी ५: रोज घ्या, चुकली तर असे करा

वेळ कोणतीही चालते, उपाशीपोटी किंवा जेवल्यावर. फक्त एखाद्या रोजच्या कामाला बांधा. माझ्याकडे येणारी एक मुलगी देवाजवळच्या समईशेजारी पाकीट ठेवायची आणि दिवा लावला की गोळी घ्यायची. पाळीच्या दिवसांत ती देवाजवळ जात नसे, आणि महिन्यातले चार दिवस गोळी चुकायची. हे आमच्या लक्षात यायला दोन महिने गेले. मग पाकीट चहाच्या डब्याशेजारी आले.

एक दिवस चुकला तर त्याच दिवशी आठवताच घ्या, दुसऱ्या दिवशी आठवले तर नेहमीची एकच घ्या. दोन एकदम नकोत. आठवडाभर चुकली तर पुन्हा सुरू करा, खाडा झाला म्हणून सोडून देऊ नका. माहेरी जाताना पाकीट पर्समध्ये, बॅगेत नाही, कारण बॅग पाहुण्यांच्या खोलीत राहते.

## पायरी ६: ताट

जेवण गोळीची जागा घेऊ शकत नाही. पण ताट चांगले असेल तर गोळीला बळ मिळते.

फोलेट असलेले बरेच काही आपल्या परसात आणि बाजारात आहे. तांबडी भाजी, पालक, मशिंगाचा (शेवग्याचा) पाला, अळसांदे (चवळीसारखे कडधान्य), मूग, चणे, संत्री, भेंडी. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तांबड्या भाजीच्या जुड्या घेताना पाने टवटवीत असलेल्या घ्या आणि घरी येऊन दोन-तीन दिवसांत संपवा. फोलेट पाण्यात विरघळते आणि उष्णतेने कमी होते. त्यामुळे भाजी चिरून धुवायची नाही, धुऊन चिरायची, आणि उकळून पाणी फेकायचे नाही. थोड्या पाण्यात झाकण ठेवून वाफवा. अळसांद्यांचे शिजवलेले पाणी तोणाकातच, म्हणजे रश्श्यातच, जाऊ द्या.

बी१२ साठी बांगडे, तारले, तिसऱ्या उत्तम, नीट शिजवून. मोरी, म्हणजे शार्क, गरोदरपणात आणि त्या तयारीत टाळा, तिच्यात पारा साठतो. शिवराक खाणाऱ्यांनी दूध-दही रोज घ्यावे, आणि तपासणीत कमतरता आली तर गोळी किंवा इंजेक्शन घ्यावेच लागते.

दारू पूर्णपणे बंद. सिगारेटही.

## पायरी ७: पाळी चुकली, आता काय

गोळी चालू ठेवा. "दिवस गेलेत, आता गरम पडेल" म्हणून गोळी बंद करणाऱ्या सासूबाई आणि काकी मी पाहिल्या आहेत. त्यांचा हेतू मायेचाच असतो. त्यांना बाजूला बसवून सांगा की ही गोळी थांबवायची तारीख बारावा आठवडा पूर्ण झाल्यानंतरची आहे.

आधी घेतलीच नसेल तर आज, आत्ता सुरू करा. पाचवा आठवडा चालू असेल तर अजूनही उपयोग आहे. आठवा-नववा असेल तर न्यूरल ट्यूबसाठी उशीर झालेला असतो, तरी बाळाच्या वाढीला आणि तुमच्या रक्ताला फोलेट हवेच. स्वतःला दोष देत बसू नका. गोळी न घेतलेल्या बहुसंख्य स्त्रियांचीही बाळे निरोगी जन्मतात. पुढच्या तपासण्या मात्र एकही चुकवू नका.

ताप आला तर अंगावर काढू नका. सुरुवातीच्या आठवड्यांत शरीराचे तापमान फार वाढणे न्यूरल ट्यूबसाठी चांगले नाही. डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घ्या, पावसाळ्यात डेंग्यू-मलेरियाची तपासणी करून घ्या. हॉटेलांतले स्टीम आणि गरम पाण्याचे टब या काळात नकोत.

बारा आठवड्यांनंतर डॉक्टर मात्रा बदलतात. भारी मात्रा घेत असाल तर ती सहसा इथे थांबते आणि रोजची लोह-फॉलिक ॲसिडची लाल गोळी सुरू होते. लोहाची गोळी चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका.

## पायरी ८: तपासण्या, ज्यांचा आठवडा ठरलेला आहे

सगळे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजा. ती तारीख फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा.

११ ते १४ आठवडे: पहिला महत्त्वाचा स्कॅन. कवटी तयार झालेली नसेल तर ते बहुतेक वेळा इथेच दिसते.

१५ ते २० आठवडे, शक्यतो १६ ते १८ मध्ये: रक्तातले अल्फा-फीटोप्रोटीन, थोडक्यात एएफपी. क्वाड्रपल टेस्टमध्ये ते येते. बाळाची नळी उघडी असेल तर ते आईच्या रक्तात वाढते. वाढलेला आकडा म्हणजे दोष आहेच असे नाही. तारीख चुकलेली असणे, जुळी बाळे, आधी झालेला रक्तस्राव यांनीही तो वाढतो. रिपोर्ट घेऊन रडत बसण्याआधी स्कॅन करून घ्या.

१८ ते २० आठवडे: ॲनोमली स्कॅन. पाठीचा कणा मणक्यागणिक पाहिला जातो, मेंदूचा आकारही. ही तपासणी कुठल्याही कारणाने पुढे ढकलू नका. "फुलां माळपाचा कार्यक्रम आहे, नंतर जाऊ" हे कारणही मी ऐकले आहे. वेळ दोन-तीन आठवडे आधी ठरवून ठेवा, कारण त्याच आठवड्यात वेळ मागितली तर मिळेलच असे नाही.

मोठी गैरसमजूत: डबल मार्कर किंवा एनआयपीटी नॉर्मल आली म्हणजे कणाही ठीक, असे नाही. या तपासण्या गुणसूत्रांतल्या दोषांसाठी आहेत, न्यूरल ट्यूबसाठी नाहीत. महाग तपासणी केली म्हणून अठराव्या आठवड्याचा स्कॅन टाळणाऱ्या चांगल्या शिकलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

स्कॅन करताना मुलगा की मुलगी हे विचारू नका. १९९४ च्या कायद्याने ते विचारणे आणि सांगणे दोन्ही गुन्हा आहे.

## पायरी ९: स्कॅनमध्ये काही दिसले तर

त्या खोलीतून बाहेर आल्यावर काही सुचत नाही, हे मी जवळून पाहिले आहे. त्यामुळे हा क्रम आधीच वाचून ठेवा.

रिपोर्टची प्रत त्याच दिवशी घ्या. एकाच मतावर थांबू नका, गर्भाच्या स्कॅनमध्ये विशेष शिक्षण घेतलेल्या तज्ज्ञांकडून दुसरा स्कॅन करा. बांबोळीला गोमेकॉमध्ये, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, जायचे असेल तर स्थानिक केंद्राची चिठ्ठी आणि सगळे जुने रिपोर्ट बरोबर ठेवा. डॉक्टरांना पुढचे प्रश्न लिहून न्या: दोष कोणता, कण्याच्या कितव्या भागात, डोक्यात पाणी आहे का, दुसरे अवयव कसे आहेत, मूल जगले तर त्याला चालता येईल का, लघवीसाठी काय करावे लागेल. शक्य असेल तर मुलांच्या न्यूरोसर्जनशी बोलूनच निर्णय घ्या. स्पायना बिफिडामध्ये फार फरक असतो. खालच्या भागातला दोष आणि वरच्या भागातला दोष यांचे आयुष्य वेगळे असते.

गर्भधारणा पुढे न्यायची नसेल तर वेळ मोजकी असते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांच्या मताने, २० ते २४ आठवड्यांत ठरावीक कारणांसाठी दोन डॉक्टरांच्या मताने, आणि २४ नंतर गंभीर दोष असेल तर वैद्यकीय मंडळाच्या मान्यतेने गर्भपात करता येतो. संमती सज्ञान स्त्रीची स्वतःची लागते. नवऱ्याची किंवा सासऱ्यांची सही कायद्याने मागितलेली नाही.

पुढे न्यायची असेल तर प्रसूती नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग आणि न्यूरोसर्जन असलेल्या ठिकाणीच ठरवा. जन्मल्यावर पाठीवरचा उघडा भाग निर्जंतुक ओल्या कापडाने झाकतात, बाळाला पोटावर किंवा कुशीवर ठेवतात, आणि शक्यतो पहिल्या दोन-तीन दिवसांत शस्त्रक्रिया करतात. घरच्या कोणीही त्यावर हळद, तेल, पावडर लावू नये.

निर्णय कोणताही झाला तरी त्याआधी स्वतःशी एक गोष्ट पक्की करा: गोळी वेळेवर घेऊनही काही बाळांत हा दोष होतोच. गोळी धोका पुष्कळ कमी करते, शून्य करत नाही. तुमचे काही चुकले असा अर्थ त्यातून निघत नाही.

त्यानंतर फाइल फेकू नका. बाळाचा अंतिम रिपोर्ट, दोषाचे नेमके नाव आणि तारीख एका कागदावर लिहून कपाटात ठेवा. पुढच्या गर्भधारणेचा विचार सुरू होईल तेव्हा तोच कागद घेऊन, मूल हवे त्या महिन्याच्या तीन महिने आधी, डॉक्टरांसमोर बसा आणि मोठ्या मात्रेची चिठ्ठी मागा.